आपल्या घाटाला किती फूट?



जून सरत आला की आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरायला लागतो. अमुक धरणातून नदीपात्रात इतके हजार क्युसेकनं विसर्ग सुरू केला आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावं, जनावरं आणि शेतीपंप सुरक्षित जागी हलवावेत. मेसेज खरा असतो. बहुतेक वेळा वेळेवरही येतो. पण तो दोनदा वाचला तरी आपल्याला पाहिजे ते त्यात सापडत नाही. आपला प्रश्न साधा असतो. पाणी आपल्या घाटाच्या कितव्या पायरीला येणार? कंपनीत रात्रपाळीला गेलेली सून सकाळी त्या खालच्या पुलावरून घरी येऊ शकेल का? गोठ्यातली जनावरं आत्ता सोडायची, का उजाडल्यावर सोडली तरी चालेल?

क्युसेकचा आकडा हे या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं कुठल्याही कचेरीत तयार होत नाही, ते गावात करावं लागतं. आम्ही आमच्या गटात या पावसाळ्यात तेच करायला घेतलं आहे. त्यासाठी आधी हा आकडा येतो कुठून ते समजून घ्यावं लागलं, म्हणून आज तिथूनच सुरुवात करू.

चाकणच्या दोन्ही अंगांनी नद्या आहेत. वरच्या अंगाला भीमा, भीमाशंकरहून निघून राजगुरुनगरावरून येणारी. तिच्यावर चासकमान धरण. तिच्या अलीकडं भामा, तिच्यावर भामा आसखेड धरण. पुणे-नाशिक रस्त्यानं जाताना वाकीला आपण ही भामा ओलांडतो आणि बऱ्याच जणींना ती ओलांडल्याचं लक्षातही येत नाही. खालच्या अंगाला इंद्रायणी. लोणावळ्याकडून येते, देहू, निघोजे, मोई, मोशी, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. पुढं पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत येते, मग दौंड, मग उजनी धरण आणि त्याच्याही खाली पंढरपूर. आळंदीहून माउलींची पालखी निघते तशी इंद्रायणीसुद्धा वारीलाच निघालेली असते. फक्त ती दरवर्षी नेमानं पोचते का वाटेत उजनीत मुक्काम करते, हे पावसावर आणि धरणाच्या दारांवर ठरतं.

या नद्यांवर जागोजागी पाणी मोजायची ठाणी आहेत. सरकारी भाषेत त्यांना सरिता मापन केंद्र म्हणतात. काही राज्याच्या जलसंपदा विभागाची, काही केंद्रीय जल आयोगाची. इंद्रायणीवर आपल्या शेजारच्या निघोज्याला, भामेवर आसखेडला, पवनेवर पिंपळे गुरवला, मुठेवर पुण्यात दत्तवाडीला, खाली भीमेवर पारगावला. पावसाळ्यात उजनीच्या बातमीत 'दौंड येथून इतका विसर्ग' असं ऐकता ना? तो दौंडचा आकडा म्हणजे आपल्या सगळ्या नद्यांचं एकत्र झालेलं पाणी. आपल्याकडं ढग फुटला की सोलापूर जिल्ह्यातली माणसं दौंडकडं डोळे लावून बसतात.

ठाण्यावर असतं काय? बाहेरून बघितलं तर फारसं काही नाही. पुलाच्या खांबाला किंवा काठावर रोवलेल्या खुंटांना एक पट्टी लावलेली असते, पांढऱ्यावर काळे आकडे, शाळेतल्या फूटपट्टीसारखी. नदीचा उतार पसरट असेल तर एकच लांब पट्टी पुरत नाही, मग काठापासून वर चढत जाणाऱ्या चार-पाच पट्ट्या असतात. पहिली बुडाली की दुसरी वाचायची. या सगळ्यांचं शून्य समुद्रसपाटीच्या उंचीशी जोडलेलं असतं, म्हणजे वरच्या गावचं पाणी आणि खालच्या गावचं पाणी एकाच मापात बोलतं. रोज सकाळी आठ वाजता पट्टी वाचायची आणि वहीत लिहायची. पावसाळ्यात तासातासाला, रात्रीसुद्धा. विजेरी घेऊन, इरलं किंवा रेनकोट घालून, दोन वाजता, तीन वाजता, पावसाच्या सरीत पट्टीवर प्रकाश टाकून आकडा वाचणारा एक माणूस तिथं असतो. त्याचं नाव कुठल्या बातमीत येत नाही. पण त्यानं झोपेत एक ओळ अंदाजानं भरली तर खालच्या पन्नास गावांचा हिशेब चुकतो. आपण गटाची वही लिहितो, आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

पट्टीवरून कळते फक्त पाण्याची उंची. पाणी किती वाहतंय हे उंचीवरून थेट कळत नाही. आता स्वयंपाकघरात या. उभट पातेल्यात बोटभर पाणी आणि परातीत बोटभर पाणी सारखं असतं का? नदी खाली पातेलं असते आणि वर परात होते. उन्हाळ्यातल्या पात्रात पाणी एक फूट चढायला थोडंसं पाणी पुरतं. पण काठाबाहेर पडून वावरांत पसरल्यावर तोच एक फूट चढायला कितीतरी पट पाणी यावं लागतं. शिवाय चढलेलं पाणी पळतंही जोरात. म्हणून ठाण्यावरची माणसं दोन गोष्टी मोजतात. पात्राचा छेद किती, म्हणजे सुरीनं नदी आडवी कापली तर तो काप किती मोठा दिसेल, आणि पाणी किती वेगानं जातंय. छेद गुणिले वेग म्हणजे विसर्ग.

वेग मोजायला एक यंत्र असतं, त्याला छोट्या वाट्या लावलेल्या असतात. पाणी त्या वाट्या फिरवतं, ठरावीक वेळात किती फेरे झाले ते मोजायचं. पुलावरून, नावेतून किंवा दोन काठांना ताणलेल्या तारेवरच्या पाळण्यातून ते यंत्र पाण्यात सोडतात. नदीचे उभे पट्टे पाडतात, प्रत्येक पट्ट्यात वेगळी मोजणी. काठाशी पाणी रेंगाळतं, मधे धावतं. वरवर एक वेग, तळाला दुसरा. साधारणपणे वरून दहातला सहावा हिस्सा खोल गेलं की सरासरी वेग मिळतो, म्हणून यंत्र तिथं धरतात. अशा कितीतरी मोजण्या वेगवेगळ्या पाण्यात करून मग एक तक्ता तयार होतो: या ठिकाणी पट्टीवर अमुक आकडा असेल तर नदीतून तमुक क्युसेक वाहतंय. एकदा तक्ता झाला की रोज नुसती पट्टी वाचली तरी भागतं.

इथं एक गोष्ट मनाशी पक्की करा. महापुरात, जेव्हा अख्खी झाडं वाहून येतात, तेव्हा कोणी यंत्र पाण्यात सोडत नाही, सोडूही नये. त्या वेळी उंची वाचतात आणि तक्त्याच्या वरच्या टोकावरून विसर्ग काढतात. ते टोक बऱ्याचदा अंदाजानं पुढं ओढलेलं असतं. त्यामुळं फार मोठ्या पुराचा क्युसेक हजार-दोन हजारांनी इकडंतिकडं असू शकतो. पट्टीवरची उंची मात्र खरी असते.

आता क्युसेक. एका सेकंदात एक घनफूट पाणी म्हणजे 1 क्युसेक. लिटरमध्ये 28.3. आपल्या भाषेत सेकंदाला साधारण दोन हंडे. 1 हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला दोन हजार हंडे. 10 हजार लिटरचा जो टँकर उन्हाळ्यात आपल्या वस्तीवर येतो, तसे जवळजवळ तीन टँकर दर सेकंदाला. 10 हजार क्युसेक असले तर दर सेकंदाला 28 टँकर. एक म्हणायच्या आत अठ्ठावीस. हे ऐकून आमच्या बैठकीत एकजण म्हणाली, "आणि आपण त्या एका टँकरसाठी भांडतो." ते भांडण वेगळं, त्यावर एक पूर्ण कार्यक्रम होईल.

टीएमसी हा साठ्याचा आकडा, क्युसेक हा वाहण्याचा. कणगीत धान्य किती ते टीएमसी, कणगीच्या तोंडातून किती पडतंय ते क्युसेक. 1 टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट, 2 हजार 831 कोटी लिटर. साडेअकरा हजार क्युसेक पाणी सलग 24 तास वाहिलं की 1 टीएमसी होतं. चासकमान आणि भामा आसखेड ही दोन्ही धरणं साडेसात टीएमसीच्या आसपासची आहेत. उजनी 117 टीएमसीचं. त्यामुळं 'चासकमान भरलं' आणि 'उजनी भरलं' या दोन बातम्या एकाच आकाराच्या नाहीत.

गेल्या पंधराएक वर्षांत बऱ्याच ठाण्यांवर माणसाच्या जोडीला यंत्रं आली. 1995 साली जागतिक बँकेच्या मदतीनं जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला, त्याच्या पुढच्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यात आपोआप माहिती पाठवणारी केंद्रं बसवली गेली. पुलाच्या कठड्याखाली एक पेटी असते, शेजारी सौर पट्टी. ती पेटी खाली पाण्याकडं लहरी सोडते आणि त्या परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खाली आहे ते ओळखते. पाऊस मोजणारी यंत्रंही तशीच. सगळं पुण्यात जलसंपदा विभागाच्या नियंत्रण कक्षात जातं, तिथं धरणांची दारं किती उघडायची याचा हिशेब होतो. चांगली सोय आहे. पण पेटीसमोर गाळ साचला, जलपर्णीचा ढीग अडकला किंवा कोणी सौर पट्टी काढून नेली, तर पेटी गप्प बसते. तेव्हा त्या पांढऱ्या पट्टीचा आणि ती वाचणाऱ्या माणसाचाच आधार. मोशी, आळंदीच्या बाजूला राहणाऱ्या बायांना जलपर्णी काय असते ते सांगायला नको. हिरवा गालिचा दिसतो, पण तो पाण्याला अडवतो आणि पुलाच्या मोऱ्यांत अडकून बसतो. तेवढंच पाणी मग एक-दोन फूट वर चढतं.

काठावर टाकलेल्या राडारोड्याचंही तसंच. रात्री डंपर येतो, नदीकाठी मुरूम आणि बांधकामाचा कचरा ओततो, चार महिन्यांत तिथं सपाट जागा तयार होते, मग पत्र्याची शेड. नदीचा काप त्या बाजूनं तेवढा लहान झाला. पूर्वी 10 हजार क्युसेकला पाणी सातव्या पायरीला थांबायचं, आता ते नवव्या पायरीला येईल. जुना तक्ता खोटा ठरतो आणि आपल्या आजेसासूबाईंचा 'इथवर कधी पाणी येत नाही' हा अनुभवही खोटा ठरतो. आम्हाला यात सर्वांत जास्त धोका दिसतो. म्हाताऱ्या माणसांचं नदीविषयीचं ज्ञान पक्कं असतं, पण ते त्यांच्या काळातल्या नदीचं असतं. तिचे काठ आता तसे राहिले नाहीत.

ठाण्यांवरच्या या वह्यांतूनच पूररेषा निघतात. वर्षानुवर्षांचे आकडे मांडून, 25 वर्षांतून एकदा येऊ शकेल एवढ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल रेषा आखतात. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला परवानगी नाही. पण '25 वर्षांतून एकदा' याचा अर्थ लोक चुकीचा घेतात. आमच्याकडं एक भाऊ म्हणाले, 2019 ला येऊन गेला ना, आता 2044 पर्यंत निवांत. असं नसतं. एका पोतडीत 25 चिंचोके घ्या, त्यातला एक रंगवा. दरवर्षी डोळे मिटून एक काढायचा आणि परत आत टाकायचा. रंगवलेला चिंचोका लागोपाठ दोन वर्षंही हाती येऊ शकतो.

पलीकडच्या काठावर, चिखलीत, इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत बांधलेले 36 बंगले 17 मे 2025 रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेनं पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा तसा आदेश होता. त्या घरांत आयुष्यभराची कमाई घातलेली कुटुंबं होती. रेषा नकाशावर होती, पण जागा विकत घेताना ती किती जणांना दाखवली जाते? चाकणच्या आसपास गुंठा-गुंठा जमीन विकली जातेय, भाड्याच्या खोल्यांसाठी चाळी उठतायत. मैत्रिणींनो, नवऱ्यानं किंवा मुलानं नदीकाठची जागा घ्यायचं काढलं तर निळी रेषा कुठून जाते हा प्रश्न तुम्ही विचारा. जलसंपदा विभागाकडं आणि नगररचना कार्यालयात नकाशा असतो, तो मागायचा आपल्याला हक्क आहे. सातबाऱ्यावर नाव लावायच्या आधी.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडं. सांगली-कोल्हापूरकडं आपल्या कोणाच्या लेकी दिल्या असतील तर त्यांना फोनवर विचारा. पावसाळ्यात सांगलीत सकाळी चहाआधी प्रश्न येतो, "आयर्विनला किती फूट?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पट्टी आहे. 40 फुटाला इशारा, 45 फुटाला धोका. कोल्हापुरात तसाच राजाराम बंधारा, तिथं 39 ला इशारा आणि 43 ला धोका. तिथल्या बाईला माहीत असतं की अमुक फुटाला अमुक गल्लीत पाणी येतं आणि तमुक फुटाला आपला उंबरा भिजतो. त्या हिशेबानं ती गॅसची टाकी, कागदपत्रं, पोरांची दप्तरं माळ्यावर टाकते आणि म्हातारीला रिक्षात बसवते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनचं पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. तेव्हा तो हिशेबही अनेक घरांना पुरला नाही, कारण तेवढ्या उंचीचा अनुभवच कोणाच्या गाठीला नव्हता. तरी फुटांची भाषा घराघरांत होती, हे काही थोडं नाही.

आपल्याकडं ती भाषा नाही. आपल्याकडं क्युसेक येतो. आळंदीत तेवढं एक आहे, नदीतलं भक्त पुंडलिकाचं मंदिर पाण्याखाली गेलं की लोक समजतात इंद्रायणी चढली. ती आळंदीची पट्टीच म्हणायची, देवळाच्या रूपातली. बाकी गावांना?

क्युसेक फुटांत न आल्यानं काय होतं ते 25 जुलै 2024 च्या पहाटे पुण्यात दिसलं. खडकवासल्यातून मुठेत सोडलेलं पाणी 35 हजार क्युसेकच्या आसपास पोचलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. आपल्याला वेळेत कळवलं नाही, अशी तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. त्यावर पुढं बरीच चर्चा झाली. आम्हाला त्यातून एवढंच दिसतं की 35 हजार हा आकडा एखाद्या घरात रात्री अकरा वाजता पोचला असता, तरी तो तळमजल्यावर गुडघाभर पाणी का गळ्याइतकं, हे त्या घरातल्या बाईला कुठून कळणार होतं? ते सांगणारी खूण तिच्या जिन्यावर असायला हवी होती.

म्हणून आम्ही खुणा केल्या. घाटाच्या सर्वांत खालच्या, उन्हाळ्यातही ओल्या असणाऱ्या पायरीपासून टेपनं मोजत वर आलो आणि दर फुटाला ऑइलपेंटचा पट्टा मारला. पाचचे, दहाचे आकडे मोठे, पलीकडून वाचता येतील असे. घाट संपल्यावर रेषा वर नेली: स्मशानभूमीच्या शेडचा खांब, मग पाणीपुरवठ्याच्या विहिरीचा कठडा, मग विजेचा डीपी ज्या ओट्यावर आहे तो ओटा. पातळी वर न्यायला गवंडी वापरतात ती पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी पुरते, गावातल्या कोणत्याही मिस्त्रीला सांगा. आता आम्हाला माहीत आहे की घाटाच्या चौदाव्या फुटाला खालचा पूल बंद होतो आणि सतराव्याला डीपीच्या ओट्याला पाणी लागतं, म्हणजे त्याआधी लाइनमनला फोन गेलेला असला पाहिजे. हे फूट आमच्या गावचे. तुमचे वेगळे येतील, आमचे वापरू नका.

पट्ट्यांच्या जोडीला वही. चार रकाने: तारीख-वेळ, घाटाला किती फूट, त्या वेळी धरणातून किती क्युसेक सोडलंय, आपल्याकडं पाऊस होता का. एवढंच. आकडा चढला की तो किती वाजता सोडला आणि आपल्या घाटाला किती वाजता जाणवला हेही लिहा. धरणाचं पाणी गावाला पोचायला तास लागतात, आणि ते तास मोजलेले असले तर मोटार काढायची, म्हशी हलवायची घाईगडबड राहत नाही. एका पावसाळ्यात दहा-बारा नोंदी झाल्या तरी ठाण्यावरच्या तक्त्यासारखा आपल्या घाटाचा एक तक्ता हाती येतो. पुढच्या वर्षी मेसेज आला की वही उघडायची: गेल्या वर्षी 6 हजार क्युसेकला नऊ फूट होतं, आज 8 हजार सोडतायत, म्हणजे दहा-अकराची तयारी ठेवू.

दोन सावधगिऱ्या. पहिली, धरणाचा आकडा म्हणजे नदीतलं सगळं पाणी नव्हे. धरणाच्या खाली पडलेला पाऊस ओढ्या-नाल्यांतून थेट नदीत येतो, तो त्या आकड्यात धरलेला नसतो. इंद्रायणीकाठच्या बायांनी तर हे जास्तच लक्षात ठेवावं. लोणावळ्याला वलवण, खाली उपनद्यांवर वडिवळे आणि आंद्रा अशी धरणं आहेत, पण खुद्द इंद्रायणीवर चासकमानसारखं सगळं पाणी धरून ठेवणारं मोठं धरण नाही. मावळात रात्रभर कोसळला की सकाळी आपल्याकडं पाणी येणारच, कोणी दार उघडो न उघडो. तेव्हा लोणावळ्याचा पाऊस हाच आपला पहिला इशारा.

दुसरी सावधगिरी ओढ्यांची. ओढ्यांवर कोणाचं ठाणं नाही, पट्टी नाही, मेसेज नाही. पूर्वी चाकणच्या माळावर पडलेला पाऊस माळ पिऊन घ्यायचा. आता तिथं कंपन्यांच्या शेड, काँक्रीटची आवारं, डांबरी रस्ते आहेत. एका एकरावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर ते 2 लाख लिटर पाणी होतं. जमीन झाकलेली असेल तर ते जवळपास सगळं, आणि तेही लगेच, गटारातून ओढ्यात येतं. शंभर एकराचे 2 कोटी लिटर. नदी चढायला तास लागतात, ओढा अर्ध्या तासात चढतो आणि अर्ध्या तासात उतरतो. पाळी सुटल्यावर अंधारात ॲक्टिव्हावरून किंवा सहाआसनीतून घरी निघालेल्या आपल्या मुली नेमक्या त्या अर्ध्या तासात मोरीवर असतात. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं की धडधाकट माणसाचे पाय सुटतात, दुचाकी त्याआधीच जाते. म्हणून मोरीच्या कठड्यालाही एक लाल पट्टा मारा. पट्टा बुडालेला दिसला की अलीकडंच थांबायचं, कंपनीचा खाडा पडला तरी. ठेकेदाराशी बोलायला गट आहे.

ओढ्यात एरवी पाणी किती वाहतं हे तुम्हाला स्वतः मोजून बघायचं असेल तर श्रावणातल्या एखाद्या उघडीपीच्या दिवशी, पाणी शांत असताना, पोरींना बरोबर घेऊन करा. ओढा 20 फूट रुंद आहे, चार-पाच ठिकाणी काठी बुडवून सरासरी खोली 2 फूट आली. काप झाला 40 चौरस फूट. काठावर 50 फूट अंतर मोजून दोन दगड ठेवा. वरच्या दगडापाशी एक नारळ पाण्यात सोडा आणि खालच्या दगडाशी यायला किती सेकंद लागले ते मोबाईलवर बघा. 20 सेकंद लागले तर वेग सेकंदाला अडीच फूट. वरचं पाणी नेहमी थोडं जास्त पळतं, म्हणून दर शंभराला पंधरा कमी करा: दोन फूट आणि वर थोडं. चाळीसनं गुणलं की साधारण 85 क्युसेक. दर चार सेकंदांना एक टँकर आपल्या वस्तीच्या ओढ्यातून निघून चाललाय. आमच्याकडं सातवीतल्या मुलींनी हा हिशेब आमच्याआधी केला. पूर असताना हा खेळ अजिबात करायचा नाही, काठालाही जायचं नाही.

वही कोणी लिहायची यावर आमच्याकडं थोडी कुरबूर झाली. शेवटी घाटाच्या सर्वांत जवळ राहणाऱ्या दोघींनी आठवडे वाटून घेतले आणि गटाच्या निधीतून त्यांना एक चांगली विजेरी, रेनकोट आणि मोबाईलचा रिचार्ज द्यायचं ठरलं. रात्री पाण्याजवळ एकटीनं जायचं नाही, घाटाच्या वरच्या कठड्यावरूनच विजेरी मारायची. नोंद झाली की आकडा गटाच्या व्हॉट्सॲपवर, आणि तोच पोलीस पाटलांना आणि खालच्या गावातल्या एका गटाला. खालच्या गटाचे फूट आमच्यापेक्षा वेगळे आहेत, पण आमचे दहा झाले की त्यांच्याकडं किती वेळानं किती होतात हे त्यांच्या वहीत आता यायला लागलंय. पाणी बाराच्या वर गेलं तर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर फोन, कोणी अडकलं असेल तर 112.

आमच्या वहीत आजवर सर्वांत मोठा आकडा अकरा फुटांचा आहे. बाराच्या पुढचे पट्टे अजून कोरडे आहेत, त्यांचा रंग उन्हानं उडायला लागलाय. दिवाळीनंतर पाणी उतरलं की ते पुन्हा मारायचे आहेत, तेव्हा रंगाचा अर्धा डबा झाकण लावून समाजमंदिरात ठेवलाय. ज्या गटाला बघायला यायचं असेल त्यांनी बुधवारी बैठकीच्या वेळी या, टेप आणि नळी घेऊन जा, परत मात्र आणून द्या.